मधला काळोख

पडदा काळा झाला तेव्हा तिला आधी वाटलं, वीज गेली. पण दारावरचा हिरवा दिवा जळत होता, मागे यंत्राची घरघर चालू होती, आणि शेजारच्या खुर्चीतले सिनेमा-संग्रहालयाचे गृहस्थ जागचे हलले नव्हते. उलट ते तिच्याकडे बघत होते, पाहुण्याने पहिला घास तोंडात घातला की स्वयंपाक करणारा माणूस बघतो तसे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: ‘येथील दृश्य उपलब्ध नाही.’ अक्षरं विझली. पुन्हा नुसता काळोख, आणि तो फारच लांबला असं तिला वाटलं. मग एकदम उजेड आला, जिना आला, आणि सिनेमातली नटी कमरेवर कपड्यांची टोपली घेऊन जिना उतरू लागली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. गृहस्थ तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "तुमची जागा. राखून ठेवलीय."

हा सिनेमा तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता, फ्रॉक घालायच्या वयात. नंतर तो हरवला. सिनेमे हरवतात हे बाहेरच्या लोकांना सांगून पटत नाही. त्यांना वाटतं, हरवायला ती काय छत्री आहे. पण हरवतात. गोदामं जळतात, डब्यांत ओल शिरते, मालक मरतो आणि त्याच्या पोरांना माळा रिकामा हवा असतो. या सिनेमाची दोन विस्कटलेली रिळं तेवढी उरली होती, त्यांना ना शेंडा ना बुडखा. पुढे ती विद्यापीठात सिनेमा शिकवायला लागली तेव्हा आठवणीवर भिस्त ठेवून तिने त्यावर एक लेख लिहिला. स्टेशनाजवळ भाड्याच्या खोल्या चालवणारी एक बाई, तिच्याकडे राहायला आलेला आणि परत येईन म्हणून गेलेला एक माणूस. एका सकाळी शेजारच्या खोलीतलं बोलणं बाईच्या कानावर येतं की तो आता यायचा नाही. तेव्हा ती आरशापुढे पाठमोरी उभी असते, केस बांधत असते. हात केसांत असतो आणि तिथेच थांबतो. चेहरा दिसत नाही, आरशातही नाही, कारण आरसा जरा बाजूला टांगलेला आहे. नुसती पाठ, वर गेलेलं कोपर, बोटांत धरलेलं फितीचं टोक. मग हात हळूच खाली येतो आणि केस सुटतात. तिने लिहिलं होतं की दुःख दाखवायला सगळं जग चेहऱ्याजवळ जातं, आणि इथे एक माणूस दोन पावलं मागे सरला. त्या लेखाने तिचं नाव झालं. ‘थांबलेला हात’ म्हटलं की तिच्या धंद्यातली माणसं माना डोलावत. तिचे विद्यार्थी तो हात शिकवत, विद्यार्थ्यांचे विद्यार्थी त्यावर परीक्षा देत, आणि त्यांतल्या एकानेही, तिच्यासकट, ते दृश्य पुन्हा पाहिलेलं नव्हतं. न पाहिलेल्या देवाची भक्ती जगात नवी नाही.

उरलेला सिनेमा तिच्या डोळ्यांसमोरून गेला, एवढंच. ज्याची वाट बघण्यात केस पिकले तो समोर चालला होता, आणि ती मात्र मागच्या काळोखात अडकून पडली होती. कारण त्या काळोखात तिला पाठमोरी बाई दिसली नव्हती. एरवी डोळे मिटायचा अवकाश, की दिसायची; वर्गात, प्रवासात, एकदा तर दाढ काढणाऱ्या डॉक्टरच्या खुर्चीतसुद्धा. आज नेमकी तिची जागा मोकळी करून दिल्यावर ती आली नाही. आला तो फिनेलचा वास. वाळूने भरलेल्या लाल बादल्या आल्या, भिंतीला ओळीने टांगलेल्या. काचेच्या कपाटात टाचलेली पुढच्या सिनेमाची चित्रं आली, खांद्यावर एक गरम, जड, लाळेने ओलं झालेलं डोकं आलं, आणि एक बंद दार, ज्याच्या पलीकडून माणसांचं बोलणं पाण्याखालून यावं तसं येत होतं. शब्द कळत नव्हते. तिने ते सगळं झटकून टाकलं आणि पडद्याकडे बघितलं, तर तिथे गाडी सुटत होती आणि सिनेमा संपत होता.

दिवे लागल्यावर गृहस्थांनी पांढरे हातमोजे काढले. फिल्म हाताळायचे ते मोजे सिनेमा बघतानाही त्यांच्या हातात असत, सवयच झाली होती. "तीन ठिकाणचे डबे मिळाले," ते म्हणाले. "एक तर शाळेच्या तळघरात, तुटक्या बाकांखाली. सगळं धुऊनपुसून जुळवलं. एक गोष्ट मात्र जुळेना. तुमचा हात."

"कुठल्याच प्रतीत नाही?"

"नाही. आणि गंमत म्हणजे तिथे जोडही नाही. प्रतीतून तुकडा कापला की जोडल्याची खूण राहते. इथे तिन्ही प्रतींत दार, आणि दारानंतर थेट जिना. सलग. आमच्याकडची पोरं म्हणायला लागली, मग इथे काही नव्हतंच."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, गप्प बसा. बाईंनी पाहिलंय. सिनेमा बघताना बाईंची पापणी लवत नाही." ते हसले. "रविवारी पहिला जाहीर खेळ, सगळे येणार आहेत. तुम्ही बोलायला उभ्या राहाल तेव्हा तेवढं एकदा सांगून टाका, की मी पाहिलंय. मग ही काळी पट्टी कायमची. बाहेर जाईल ती प्रत हीच."

"आणि नाही सांगितलं तर?"

"नाही कसं सांगाल?" असं म्हणून ते चहा सांगायला गेले.

तिने चहा घेतला, काम छान झालंय म्हणाली, ते खोटंही नव्हतं, आणि बाहेर दुपारच्या उन्हात येऊन चालत सुटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं होतं. फळांची गाडी लावून बसलेला माणूस, सायकलला कुलूप लावणारी मुलगी, जो तो आपल्याकडे बघून काहीतरी ओळखतोय असं वाटत होतं. रस्ता सरळ होता आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चालली होती: दार, जिना. मधला काळोख काढून टाकून तिने ते दोन तुकडे मनातल्या मनात जोडून पाहिले. दाराशी कान लावलेली बाई. आणि लगेच, श्वास घ्यायलाही न थांबता, जिना, टोपली, पायऱ्या. ना हात, ना केस, ना पाठ. त्या दिग्दर्शकाने काहीच दाखवलं नव्हतं. बाईने ऐकलं आणि ती कपडे धुवायला गेली, कारण कपडे धुवायचे होते. हे तर आणखी धाडसाचं होतं. हे तिने पाहिलं असतं तर यावरही लेख लिहिला असता, आणि तो जास्त चांगला झाला असता, असं तिच्यातल्या मास्तरणीला वाटून गेलं आणि तिचं तिलाच हसू आलं. पण हसू टिकलं नाही. त्या माणसाच्या सिनेमाच्या पोटात तिने एक भोक पाडलं होतं. आता गावोगावची माणसं त्या भोकापाशी अंधारात बसून हळहळणार होती, कधीच नसलेल्या गोष्टीसाठी.

विद्यापीठाच्या फाटकाशी येऊनही ती आत गेली नाही. आत विभागातला एक तरुण सहकारी भेटला असता. हुशार मुलगा, वाचन दांडगं, आणि बोलण्यात प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेली. विभागाच्या बैठकीत तो एकदा म्हणाला होता, "मॅडम, प्रेम ही काही पद्धत नाही. आवडतं म्हणून शिकवायचं तर मग घरी बोलावून चहा पाजावा." सगळे हसले होते, तीही हसली होती, आणि मग म्हणाली होती, "प्रेमाने बघितल्याशिवाय दिसतच नाही काही." हे वाक्य विद्यार्थ्यांमध्ये फिरलं, कुणीतरी ते फलकावर लिहून ठेवलं. तिला आठवलं, पहिल्या मुलाखतीत विचारलं होतं, सिनेमा का शिकवायचाय, आणि ती म्हणाली होती, आवडतो म्हणून. तेव्हा टेबलापलीकडची तीन माणसं लहान मुलाकडे बघून हसतात तशी हसली होती. तेव्हापासून तिने तो शब्द पोटात ठेवला आणि ओठांवर मोठे मोठे शब्द ठेवले. फक्त वर्षातून एकदा, त्या हाताच्या तासाला, ती खडू खाली ठेवायची आणि दिवे घालवायला सांगायची. दाखवायला चित्र नव्हतंच. ती नुसतं सांगायची. वर्ग असा शांत व्हायचा की पंख्याचा आवाज मोठा वाटायचा, आणि बाहेर पडताना एखादी मुलगी म्हणायची, मॅडम, दिसलं. प्रेमाने बघितलं की दिसतं, हे खरंच होतं. नसलेलंही दिसतं, एवढं सांगायचं राहिलं होतं.

ती बसली ती बस अक्काकडे, थोरल्या बहिणीकडे, जाणारी आहे हे तिला बस वळल्यावर कळलं. खिडकीच्या काचेला डोकं टेकलं की काच आतून बारीक थरथरते, आणि त्या थरथरीत मघाचं दार पुन्हा आलं. या वेळी तिने ते झटकलं नाही. आईची तब्येत बाळाच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या, जन्मानंतर जी ढासळली ती लवकर सावरली नाही. दुपारी तिला झोप लागावी म्हणून दोघी बहिणींना सिनेमाला जायची परवानगी होती, मात्र बाळाला घेऊन. थिएटरचा दारवान ओळखीचा झाला होता. बहिणींमध्ये एक नियम होता: बाळ रडलं की जिच्या मांडीवर असेल तिने उठायचं आणि बाहेर जायचं, ते गप्प होईपर्यंत. नियम अक्काचा. आणि तो वाकवायची युक्ती धाकटीची. बाळ रडायच्या आधी त्याचा खालचा ओठ पुढे येतो हे तिला अंधारातही कळायचं, पडद्याच्या उजेडात ती त्याच्या तोंडाकडे डोळा ठेवून असायची, आणि ओठ हलला की, अक्का घे ना, पाय अवघडला, म्हणून त्याला पलीकडे सरकवायची. अक्का घ्यायची. कधीच काही म्हणाली नाही. म्हणजे ती एका डोळ्याने सिनेमा आणि एका डोळ्याने भाऊ बघत वाढली होती. पापणी लवत नाही त्यांची, गृहस्थ म्हणाले होते. घरी जाताना जिचं बघायचं राहिलं असेल तिला दुसरी सांगायची. बहुतेक वेळा धाकटीच सांगायची, आणि गाळून गाळून सांगायची, कारण तिला पुढचं सांगायची घाई असायची. अक्काला सांगायची वेळ क्वचित यायची.

तिने अक्काच्या दारात चपला काढल्या. अक्काचं घर तळमजल्यावरचं, मुलगा-सून कामावर, दुपारी ती एकटी असायची. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती मटार सोलत बसली होती. "ये गं चिमे," ती मान वर न करता म्हणाली. तिच्या पावलांचा आवाज अक्काला दारातूनच कळतो. "या वेळी कशी? बरं आहे ना सगळं? बस, आणि हात रिकामे ठेवू नकोस."

ती बसली आणि मटार सोलायला लागली. तिच्या शेंगा वेड्यावाकड्या फुटत होत्या. अक्काच्या अंगठ्याखाली शेंग नुसती उघडायची. समोरच्या फळीवर, बरण्यांच्या शेजारी, तिचं पुस्तक उभं होतं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. अक्काने ते कधी वाचलं नव्हतं. जड लिहितेस बाई, म्हणायची, पण कव्हर दर वर्षी नवं घालायची.

"अक्का, तुला तो सिनेमा आठवतो? खोल्या भाड्याने देणारी बाई असते तो."

"तो मिशीवाला होता तो? त्याने शेवटपर्यंत टोपी काढली नाही. टकला असणार."

"त्यात ती शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकते, की तो येणार नाही. तेव्हा मी आत होते का बाहेर?"

"तू बाहेर," अक्का म्हणाली, विचार न करता. "बाळ तुझ्या मांडीवर रडलं. तू त्याला माझ्याकडे ढकलत होतीस, पण त्याने आधीच भोंगा लावला. मग रागाने चिमटा काढलास त्याला."

"मी नाही काढला."

"काढलास. बाळ अजून सांगतो." बाळ आता परगावी मोठ्या हुद्द्यावर होता, टक्कल पडलेला, आणि चिमट्याची गोष्ट नातवंडांना सांगत असे. "मी मुकाट्याने बसून राहिले. म्हटलं, आज हिची पाळी."

म्हणजे मी बाहेरच होते. हे तिला काळ्या पडद्यासमोरच कळलं होतं. पण अजून एक आशा होती, वेडी का होईना. "मग तू आत होतीस," ती म्हणाली. "तू पाहिलंस. हात पाहिलास ना तिचा?"

"कसला हात?"

तिने सांगितलं. आरसा, पाठ, केसांतला हात, फितीचं टोक. सांगताना तिचा आवाज वर्गातला झाला, तिला थांबवता आला नाही. अक्का ऐकत होती आणि शेंगा उघडत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या तोंडावर हसू पसरत गेलं, आपलं जुनं पातेलं दुसऱ्याच्या घरी दिसावं तसं.

"अगं, त्यात तसलं काही नव्हतं," ती म्हणाली. "ती ऐकते आणि टोपली घेऊन खाली जाते. झालं. तू घरी येईपर्यंत भोकाड पसरलं होतंस. मग तिने काय केलं, मग तिने काय केलं, एकच धोशा. काही नाही केलं असं सांगितलं असतं तर तुला पटलं असतं? म्हणाली असतीस, अक्का लपवतेय. म्हणून सांगितलं काहीतरी."

"काहीतरी नाहीये ते, अक्का. तुला सुचलं कुठून?"

"सुचायचं काय त्यात?" अक्काने एक किडका दाणा वेगळा काढला. "माझंच होतं. शाळेत जायला वेणी घालत होते, फीत बांधायची राहिली होती. आतून बाबांचा आवाज आला. आईला म्हणत होते, मोठीची शाळा आता पुरे, घरी राहील, बाळाकडे बघेल. आई काही बोलली नाही. मी तशीच उभी राहिले जराशी. मग म्हटलं, आता कशाला बांधायची. सोडून टाकली."

नळ ठिबकत होता. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवली.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"सांगितलं की," अक्का म्हणाली. "तेव्हाच तर सांगितलं. सिनेमातलं म्हणून सांगितलं, एवढंच."

ती सकाळ तिने आठवून पाहिली. ती त्याच घरात होती, त्याच सकाळी. अक्काची कंपासपेटी त्या दिवशी तिला मिळाली. निळी, आत आरशासारखी चकचकीत. ती पेटी दप्तरात खुळखुळवत ती एकटी शाळेत गेली होती, वाटभर खूश, कारण वर्गात तशी पेटी कुणाकडे नव्हती. अक्का का आली नाही हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. तीन ठिकाणचे डबे उघडले होते गृहस्थांनी, शाळेची तळघरं धुंडाळली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आयुष्यभर ती मुलांना सांगत आली होती की दुःखासमोर कॅमेरा कुठे ठेवायचा हाच खरा प्रश्न असतो, आणि ज्या दुःखाबद्दल सांगत होती ते तिच्या शेजारी बसून, तिच्या वाटचं बाळ मांडीवर घेऊन, अर्धे सिनेमे बघत होतं. आणि मग तिला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर तिने हातातली शेंग खाली ठेवली. स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. अक्काने ती पाहिली होती. शाळा सुटलेली ती मुलगी मनाने स्वतःच्या मागे जाऊन उभी राहिली होती, आरसा जरा बाजूला सरकवला होता, चेहरा वगळला होता. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मग रडक्या बहिणीला रस्त्याने चालता चालता तिने ते दाखवलं होतं, इतकं नीट, की बहिणीने ते जन्मभर पाहिलं.

"ते मी छापलंय, अक्का. त्या पुस्तकात." तिने फळीकडे बोट केलं. "सिनेमातलं म्हणून. मुलं शिकतात ते."

अक्काचे हात पहिल्यांदा थांबले. तिने पुस्तकाकडे बघितलं, मग बहिणीकडे. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मग काढून टाक. लोक हसतील तुला. एवढी शिकलेली आणि बहिणीची थाप छापून बसली म्हणतील."

"थाप नव्हती ना पण ती."

"तुझ्या शास्त्रात थापच," अक्का म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

परतीच्या बसमध्ये तिला मोह झाला, आणि तो साधासुधा नव्हता. मघापर्यंत रविवारी ‘हो, पाहिलंय’ म्हणणं म्हणजे स्वतःची अब्रू झाकणं होतं, ते तिने केलं नसतं, निदान तसं तिला वाटत होतं. पण आता गोष्ट अक्काची झाली होती. एक शब्द बोलायचा, आणि अक्काच्या हाताला त्या सिनेमात कायमची जागा. काळी तर काळी, पण जागा. शाळेत मिळाली नाही, घरात मिळाली नाही, इथे तरी मिळू दे. बिघडतं कुणाचं? एका मेलेल्या दिग्दर्शकाचं. तो काही भांडायला येणार नाही. बाहेर दिवेलागणीची गर्दी चालली होती, दुकानांच्या काचांत माणसं चालताना दिसत होती, मध्येच तुटून पुढच्या काचेत पुन्हा जोडली जात होती, आणि ती त्या मोहाला कवटाळून बसली होती. त्यात ऊब होती. तिचं नाव राहत होतं, अक्काचं ऋण फिटत होतं, गृहस्थांचा विश्वास राहत होता. मग तिला ती पांढरी अक्षरं आठवली. ‘येथील दृश्य उपलब्ध नाही.’ आणि तिला राग आला, आपलाच, इतका की शेजारच्या बाईने तिच्याकडे वळून पाहिलं. उपलब्ध नाही कसं? उपलब्ध होतं. मटार सोलत बसलं होतं. चहात साखर कमी घालतेस हल्ली म्हणून विचारत होतं. त्याच्यावर काळोख घालून वर पाटी लावायची आणि म्हणायचं, जागा दिली. बाबांनी तरी दुसरं काय केलं होतं.

घरी येऊन तिने गृहस्थांना फोन लावला. "ती पट्टी काढा," ती म्हणाली. "दारानंतर जिना. तसाच आहे तो सिनेमा."

ते म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, लहान मुलासारखं हिरमुसलेपण होतं, "मग तुम्ही पाहिलं ते काय होतं?"

"पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं."

"कुणाकडून?"

"रविवारी सांगते," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला भीती वाटली, सरळसरळ भीती. उद्यापासून आपण कोण, हा प्रश्न या वयात पडू नये, पण पडला होता. तो हात काढून घेतला तर मागे एक म्हातारी होत चाललेली बाई उरत होती, जिला सिनेमा आवडतो.

रविवारी अक्काला न्यायचं म्हणजे दिव्य होतं. मला थेटरात झोप येते, गुडघे दुखतात, तुझ्या त्या शिकलेल्या लोकांत मी काय करू, असं सगळं झालं, आणि मग ती आली, चांगली साडी नेसून आणि वर शाल घेऊन, कारण आत गार असतं असं सुनेने सांगितलं होतं. सभागृह भरलं होतं. तरुण सहकारी पुढेच होता, मांडीवर वही, हाताची घडी. संग्रहालयाचे गृहस्थ दाराशी उभे होते आणि तिची नजर टाळत होते. दोघी बहिणी तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या. दोघींच्याही मांड्या रिकाम्या होत्या, आणि अंधार झाल्यावर तिला ते फार चमत्कारिक वाटलं. कुणीतरी रडेल आणि उठावं लागेल म्हणून अंग तयार होऊन बसलं होतं. कुणी रडलं नाही. सिनेमा चालू राहिला. ती पहिल्यांदाच तो सगळा बघत होती, आणि तिला तो आवडत होता, अगदी पहिल्यासारखा, त्या स्टेशनाच्या धुरासकट आणि टोपी न काढणाऱ्या मिशीवाल्यासकट. मग ती सकाळ आली. शेजारच्या खोलीतला आवाज, दाराशी कान. तिने श्वास धरला. आणि जिना. टोपली. पायऱ्या. कुठेही काही नाही. त्या ‘काही नाही’ने तिच्या छातीत असा धक्का दिला की तिने मनातल्या मनात त्या मेलेल्या माणसाची क्षमा मागितली.

अक्का कानाशी वाकली. "बघ. म्हटलं नव्हतं, काही नाही म्हणून?" आणि जरा वेळाने, पडद्यावरची बाई कपडे पिळत असताना, पुन्हा वाकली. "मी बरं सांगितलं होतं, नाही का?"

"हो," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या, नावं घेतली गेली, आणि ती पायऱ्या चढून वर जाऊन उभी राहिली. तिने पडद्यामागचे सोडून बाकीचे दिवे मंद करायला सांगितले. मग तिने ते दृश्य सांगितलं, वर्षातून एकदा सांगायची तसं, फक्त या वेळी भाड्याच्या खोल्या चालवणाऱ्या बाईऐवजी शाळेत निघालेली एक मुलगी होती, आणि शेजारच्या खोलीत तिचे वडील बोलत होते. वेणी, फीत, हात. हात खाली आला, केस सुटले. मग ती म्हणाली, "हे या सिनेमात नाही. मी ते पाहिलेलं नाही. मी तेव्हा बाहेर होते, भावाला घेऊन. इतकी वर्षं मी जे लिहिलं आणि शिकवलं ते चूक आहे, ते आजपासून कुणी या सिनेमाच्या नावावर शिकवू नये." समोर कुजबुज उठली. तरुण सहकाऱ्याने हाताची घडी सोडली. दाराशी गृहस्थ आता तिच्याकडे बघत होते. "चूक एवढीच की नाव चुकलं," ती म्हणाली. "हे दृश्य एका मुलीने रचलं. तिने तो एकच सिनेमा केला, आणि तो एकाच प्रेक्षकाला दाखवला. तो प्रेक्षक मी. ती दिग्दर्शिका आज इथे आली आहे. ती या सभागृहात बसली आहे."

खुर्च्या करकरल्या. पुढच्यांनी माना वळवल्या, बाजूचे अर्धवट उठले, मागचे टाचा उंचावून पाहू लागले. तिसऱ्या रांगेत अक्काने शाल सावरली आणि तीही मागे वळून बघू लागली, कोण आहे ती बाई ते.